कन्सोल मोठा दिसतो म्हणून नावं ठेवू नका

पीएस५ चा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या टीव्हीला जोडायच्या गेमिंग कन्सोलचा, फोटो टाकला की खाली कमेंट ठरलेली, केवढं हे धूड, राउटर आहे का काय. मला हे अजिबात पटत नाही. कन्सोल केवढा होणार हे आधी त्याच्या आत किती वॅट खर्च होतात त्यावर ठरतं, डिझाइन वगैरे नंतर.

पीएस५ मोठा गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास वीज खातो आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायची तर हवा खेळवावी लागते, आणि छोटा पंखा लावला तर तो जीव तोडून फिरणार नि आवाज करणार, मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा ओढतो. म्हणून सोनीने २०२० च्या पहिल्या मॉडेलमध्ये १२० मिमीचा, तोही ४५ मिमी जाड पंखा टाकला, भलामोठा हीटसिंक (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) दिला, ३५० वॅटचा पॉवर सप्लायसुद्धा पोटातच ठेवला. मग ३९० मिमी उंची आणि साडेचार किलो वजन होणारच ना! मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये मदरबोर्डचे, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाचे, दोन भाग केलेत आणि वर १३० मिमीचा पंखा, म्हणून तो बुटका चौकोनी खांब झाला. वजन जवळपास तेवढंच.

त्याचाच धाकटा भाऊ सिरीज एस दोन किलोच्या आत बसतो कारण त्यात डिस्क ड्राइव्ह नाही आणि ग्राफिक्सची ताकद १२ ऐवजी ४ टेराफ्लॉप (चिप सेकंदाला किती आकडेमोड करते त्याचं माप). निन्टेन्डोचा स्विच तर बॅटरीवर हातात धरून खेळायचा, त्याचं गणितच वेगळं.

आणि तो बाहेरचा अडॅप्टर कोणी मोजतच नाही! एक्सबॉक्स ३६० ची ती वीट टीव्हीमागे पडलेली असायची, २००४ च्या स्लिम पीएस२ चा पॉवर सप्लायही बाहेरच गेला होता. त्यात ३६० बिघडला की समोर तीन लाल दिवे लागायचे, ते प्रकरण तर इतकं चिघळलं की २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली.

खरं बारीक होणं म्हणजे पीएस३. २००६ ला त्याची मुख्य चिप, सेल, ९० नॅनोमीटरची (आकडा जितका लहान तितकी चिपची बांधणी बारीक) आणि मशीन ५ किलोचं, २००९ च्या स्लिममध्ये चिप ४५ वर आली, वीज कमी, उष्णता कमी, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. आता चिप लहान करणं महाग झालंय, त्यामुळे तेवढी मोठी उडी लगेच दिसेल असं मला वाटत नाही.

तोवर मला मोठा पण शांत डबा कधीही चालेल. फक्त घ्यायच्या आधी टीव्ही युनिटचा कप्पा मोजा, आणि प्लीज, काचेचं दार लावून आत कोंडू नका त्याला, आपल्याकडच्या मे महिन्यात तर नाहीच नाही.