पुढचं तुमचं तुम्ही बघा

समजा, उद्या सकाळी तुम्हाला फोन आला आणि पलीकडून कोणी साहेब म्हणाले, "तुमच्या शहरात विमानतळापर्यंत मेट्रो न्यायची आहे, बघा काय जमतं ते." घाबरून जाऊ नका. पुण्यात राहता ना? मग या विषयातलं निम्मं शिक्षण तुमचं नगर रोडवर उभ्या उभ्याच झालेलं आहे. राहिलेलं निम्मं मी सांगतो.

विमानतळापर्यंत मेट्रो नेणं वेगळं आणि विमानतळाच्या दिशेने मेट्रो नेणं वेगळं, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. पहिल्यात नुसत्या कटकटी. दुसऱ्यात भूमिपूजन आहे, फीत आहे, हिरवा झेंडा आहे आणि विमानतळाशी काही संबंध येत नाही. आपला वनाझ ते रामवाडी मार्ग बघा. ६ मार्च २०२२ ला गाडी गरवारे कॉलेजपर्यंत आली, १ ऑगस्ट २०२३ ला रूबी हॉलपर्यंत, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत. एकाच लाइनीची तीन उद्घाटनं झाली, आणि तिन्ही वेळा गाडी विमानतळाच्या जवळजवळ येत गेली. शेवटी इतकी जवळ आली की रामवाडीच्या परिसरात मान वर केली की विमानाची चाकं दिसावीत. आणि तिथेच थांबली. रस्त्याने राहिले चार-पाच किलोमीटर. मुलगी बघायला जाऊन फाटकातूनच परत यावं, तसं.

लोक विचारतील, तिथेच का थांबली? उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, आजूबाजूच्या पाट्यांकडे बोट दाखवा. शेजारच्या वस्तीचं नावच विमाननगर आहे. आता आणखी किती जवळ पाहिजे? नागपूरकरांनी तर याहून सोपं केलं. वर्धा रोडवरच्या मेट्रो स्टेशनलाच 'एअरपोर्ट' नाव देऊन टाकलं. तिथे उतरल्यावर विमानात बसण्याआधी आणखी एका गाडीत बसावं लागतं ही गोष्ट निराळी, पण नकाशावर विमानतळ आला ना? नकाशावर आला की बैठकीत येतो, बैठकीत आला की इतिवृत्तात येतो. आणखी काय हवं!

कारणं मात्र हाताशी ठेवायला हवीत, आणि पुण्यात ती उत्तम प्रतीची मिळतात. लोहगावचं विमानतळ मुळात हवाई दलाचं. धावपट्टी त्यांची; इंडिगो, एअर इंडिया वगैरे मंडळी तिथे पागडीच्या बिऱ्हाडकरूसारखी. वाड्यातल्या बिऱ्हाडाने मोरीत नवा नळ घ्यायचा म्हटला तरी मालकाला विचारावं लागे. इथे तर अंगणाखालून भुयार काढायचं म्हणताय. पत्र पाठवा. पत्राचं उत्तर येईपर्यंत कोणीही तुम्हाला काही विचारू शकत नाही, आणि विचारलंच तर "संरक्षण खात्याकडे आहे" एवढं आवाज जरा खाली आणून म्हणायचं. समोरचा माणूस आपोआप गप्प होतो, काही जण तर ताठ उभेसुद्धा राहतात.

दुसरं कारण वारशाचं. ही लाइन आधी नगर रोडने सरळ, आगाखान पॅलेसच्या समोरून जायची होती. पण संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते. मग रूळ कल्याणीनगरातून वळवून नेले. योग्यच झालं. जिथे गांधीजींना ठेवलं होतं, जिथे कस्तुरबा गेल्या, त्या जागेसाठी मेट्रोने एक वळण घेतलं तर बिघडलं काय? मला फक्त एवढंच कळत नाही की रूळ वळवता येतात हे एकदा सिद्ध झाल्यावर प्रवाशाने स्वतःला संरक्षित वास्तू म्हणून जाहीर करून घ्यायला अर्ज कुठल्या खिडकीत करावा. पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला उठणारा माणूस तसाही निम्मा भग्नावशेषच असतो.

घाई कराल तर फसाल. दिल्लीने केली होती. तिथली विमानतळाची खास मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये धावू लागली, जुलै २०१२ मध्ये पुलाच्या कामातल्या दोषांमुळे बंद पडली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोलकात्याने तर २००६ मध्येच विमानतळाला लोकल गाडी नेली होती, ती २०१६ मध्ये बंद करून टाकली आणि मग मेट्रो तिथे पोचायला ऑगस्ट २०२५ उजाडला. म्हणून म्हणतो, बांधून बंद ठेवण्यापेक्षा न बांधता चर्चा चालू ठेवलेली काय वाईट? चर्चेला देखभालीचा खर्च नसतो. चेन्नईत २०१६ पासून आणि लखनौत २०१९ पासून मेट्रो विमानतळाच्या दारात जाते, असं एखादा आगाऊ तरुण म्हणेल. त्याला "तिथली परिस्थिती वेगळी आहे" असं सांगून चहा द्या.

पण ही सगळी कारणं एका बाजूला आणि पुण्याचा हुकमाचा एक्का दुसऱ्या बाजूला. हा एक्का म्हणजे विमानतळ जागेवर ठेवायचाच नाही.

आमच्या लहानपणापासून पुण्याचा नवा विमानतळ चाकणला होणार होता. मग खेड-राजगुरुनगरकडे सरकला. २०१६ मध्ये तो पुरंदरला जाऊन बसला. पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण अशी सात गावं, अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा. (ज्यांच्या बागा जायच्या आहेत त्यांनी या सगळ्यावर काय म्हणावं, हा विषय थट्टेचा नाही, म्हणून इथे सोडून देतो.) तुमच्यासारख्या मेट्रो नेणाऱ्याला यातून काय मिळतं बघा. लोहगावला मेट्रो न्या म्हटलं की म्हणायचं, "अहो, विमानतळच पुरंदरला जाणार, मग इथे पैसे कशाला घालायचे?" पुरंदरला न्या म्हटलं की म्हणायचं, "अहो, तिथे अजून विमानतळ कुठंय?" ही दोन वाक्यं आलटून पालटून वापरली तर एक माणूस नोकरीला लागून निवृत्त होईपर्यंत पुरतात. फक्त एकाच बैठकीत दोन्ही वापरू नका. पुणेकर चुका काढायलाच बसलेला असतो.

मधल्या काळात लोहगावला जुलै २०२४ मध्ये झकपक नवं टर्मिनल सुरू झालं. म्हणजे विमानतळ जाणार म्हणून रूळ नको, पण विमानतळ राहणार म्हणून इमारत हवी. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून या कामाला कच्चे आहात.

मेट्रो पुढे न्यायचीच वेळ आली तर काय? तीही तयारी आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने वनाझच्या पुढे चांदणी चौक आणि रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडी अशा वाढीव मार्गांना मंजुरी दिली. पावणेतेरा किलोमीटर, तेरा स्टेशनं, ३,६२६ कोटी. वाघोलीकरांना मेट्रो हवीच होती. तिथली संध्याकाळची वाहतूक ज्याने पाहिली आहे तो नाही म्हणणारच नाही. आपण फक्त भूमितीचं कौतुक करायचं. गाडी विमानतळाच्या फाट्यापाशी येणार आणि मान न वळवता सरळ निघून जाणार, रस्त्यात उधारीवाला दिसल्यावर आपण जातो तशी. विमानतळाला खराडीकडून वेगळा फाटा काढायचा अशीही चर्चा असते. आनंद आहे. घरात शिरायला पुढचं दार बंद असेल तर मागच्या गल्लीतून येऊ, एवढाच अर्थ.

लोहगावच्या विमानतळाला तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने केला आहे. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. देहूहून ते इथे कीर्तनाला यायचे ते पायीच. तेव्हा उरलेले चार किलोमीटर बॅग डोक्यावर घेऊन चालणाऱ्या प्रवाशाला तुम्ही छातीठोकपणे परंपरेचा दाखला देऊ शकता. तुकोबांना न्यायला विमान थेट देहूला आलं होतं, त्यांना मधे गाडी बदलावी लागली नाही, असं कोणी म्हणालं तर विषय बदला.

आता माझा अनुभव, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. भाचा बंगळूरला परत निघाला होता. सकाळी सव्वानऊचं विमान. मी म्हटलं, आज मेट्रोने जायचं. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं जा, लोणचं रिक्षाने पाठवते." तिला मी हसलो. पहिली गाडी सहाला असते. विमान सहाच्या आत असेल तर मेट्रोचा विचारही करू नका, मेट्रो ही उशिरा उठणाऱ्या विमानांसाठी आहे. आम्ही वनाझला बसलो. स्वच्छ डबा, गार हवा, खाली कर्वे रोड, मग नदी, मंगळवार पेठेची कौलं. भाचा म्हणाला, "मामा, भारी आहे हे." तीस रुपयांत अर्ध्या-पाऊण तासात रामवाडी. माझी मान अशी ताठ झाली होती जशी काही ती लाइन मीच टाकली.

रामवाडीला सरकत्या जिन्याने खाली आलो आणि बॅगेची चाकं पेव्हर ब्लॉकवर आली. चार चाकांपैकी एक फटीत गेलं, ते तिथेच राहिलं. उरलेल्या तिनांवर बॅग लंगडत होती. भाच्याने ती उचलली. एका हातात बॅग, दुसऱ्यात पिशवी, पिशवीत लोणच्याची बरणी. समोर तीन रिक्षा. पहिल्याने मान हलवली. दुसरा मोबाइलमधून वर बघेना. तिसरा म्हणाला, "दीडशे."

मी म्हटलं, "अहो, वनाझपासून इथपर्यंत तीस रुपये लागले मेट्रोला."

तो म्हणाला, "मग मेट्रोनेच जा की."

यावर काय बोलणार? दीडशे दिले. विमाननगरात दत्त मंदिर चौकाच्या आसपास एक गतिरोधक असा आला की बरणीचं झाकण सुटलं. कैरीच्या लोणच्याचं तेल पिशवीतून भाच्याच्या पँटवर, तिथून रिक्षाच्या सीटवर. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "वास चांगला आहे. घरचं का?" एवढं मात्र कबूल करायला हवं की त्याने सीटचे पैसे मागितले नाहीत. भाच्याचं विमान गाठलं गेलं. बंगळूरला शेजारच्या सीटवर कोण होतं आणि त्याने काय सोसलं, मला ठाऊक नाही.

म्हणून फीडर बसचा, म्हणजे स्टेशनापासून विमानतळापर्यंत माणसं पोचवणाऱ्या बसचा मुद्दा. फीडर बस सुरू करायचीच, पण थाटात. फुलांच्या माळा, नारळ, फोटो. वेळापत्रक लावलंच तर खांबाच्या त्या बाजूला, जिथे उन्हाने अक्षरं उडतात. प्रवासी आठ दिवस वाट बघतात, मग येईनासे होतात. मग "प्रतिसाद नाही" असा शेरा मारून फेऱ्या कमी करता येतात. प्रतिसाद नाही म्हणून बस नाही, बस नाही म्हणून प्रतिसाद नाही, आणि या दोन्हींवरून उद्या कोणी लाइन मागायला आला तर त्याला आकडे दाखवता येतात की तिकडे जाणारे लोकच नाहीत. विमानतळ माणसांनी फुललेला असतो, ती माणसं कशाने येतात याची नोंद ठेवायची जबाबदारी तुमची नाही.

त्या दिवशी परतताना मात्र मी हट्टाने चाललो. परतीचे दोनशे सांगितले होते. रस्त्याच्या कडेने, कधी फुटपाथवर, कधी त्याच्या खाली, लावलेल्या गाड्यांना वळसे घालत. डोक्यावरून एक विमान गेलं, भाच्याचंच असावं असं समजून मी हातही केला. अर्ध्या वाटेवर समोरून एक मुलगी आली, पाठीला सॅक, मागे मोठी बॅग, चारही चाकं शाबूत. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, मेट्रो स्टेशन जवळच आहे ना? फोनवर तर दोन बोटांवर दिसतंय."

मी म्हटलं, "जवळच आहे, पण तू उलटी चालली आहेस." मग तिची बॅग वळवून दिली.