वायर बसते, व्हिडिओ येत नाही!

चार रविवार गेले. ११ कॅसेट समोर पडल्यात आणि आजपर्यंत एकही अख्खी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरलेली नाही. डोकं फिरायची वेळ आलीय.

कॅमेरा अण्णांचा, २००५ साली घेतलेला मिनी डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर शूटिंग करणारा. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. कॅसेटमध्ये आमच्या घरातली लग्नं-बारशी आहेत, पण माझा जीव अडकलाय तो गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या कॅसेटमध्ये. पांढऱ्या बाराबंदीतले अण्णा नंदीध्वजाची उंच काठी पेलतायत आणि काका शूटिंग करतायत. कॅसेट घातली की कप्पा घर्र करत आत जातो आणि त्या तळहाताएवढ्या पडद्यावर अण्णा दिसतात. मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम. मागून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर, त्यात त्यांचा आवाज मला वेगळा ओळखू येतो. चित्र येतंय, आवाज येतोय, कॅमेरा ठणठणीत आहे. कॉम्प्युटर शेजारच्याच टेबलावर. मग हे इथून तिथे का जात नाही?

कॅमेऱ्याला यूएसबी आहे. रबराचं झाकण उघडलं की समोरच. कुणीही वायर तिथेच लावणार. मीही लावली. कॉम्प्युटरने टिंग केलं, नवीन ड्राइव्ह दिसला, घरात सगळे धावत आले. आत काय, तर मेमरी कार्डावरचे सात फोटो. कॅसेटचा पत्ता नाही. मग माहितीपुस्तिका शोधली, तर मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की यूएसबीतून फक्त कार्डावरचे फोटो जातात, कॅसेटचा व्हिडिओ शेजारच्या डीव्ही पोर्टमधून काढायचा. अरे, मग हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला काय झालं होतं? माणूस व्हिडिओ कॅमेरा फोटोसाठी घेतो का?

डीव्ही पोर्ट म्हणजे फायरवायर, यूएसबीपेक्षा वेगळी जोडणी; तिचंच दुसरं नाव आयईईई १३९४. कॅमेऱ्याकडे चार पिनचं बारीक तोंड, कॉम्प्युटरकडे बहुतेक सहा पिनचं. आजच्या लॅपटॉपवर ते तोंडच नसतं. म्हणून नवी पेठेत गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, ही वायर न्या. एका बाजूला यूएसबी, एका बाजूला फायरवायर." ३५० रुपये घेतले.

ही वायर कधीच चालणार नव्हती! यूएसबी आणि फायरवायर या दोन वेगळ्या भाषा आहेत. मधे भाषांतर करणारी चिप लागते आणि या वायरमध्ये तसलं काहीच नाही, नुसती तांब्याची तार. पिन दोन्हीकडे झकास बसते म्हणून माणूस दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसतो, सेटिंग बदलतो, कॅमेराच बिघडला असं समजतो. मी तर कॅमेरा दुरुस्तीला टाकणार होतो. परत दुकानात गेलो तर उत्तर काय? "वायर ओके आहे काका, तुमच्या कॅमेऱ्यातच प्रॉब्लेम असेल." हे ऐकून अंगाचा तिळपापड झाला.

एका स्टुडिओवाल्याने डीव्हीडी करून देतो म्हणून सांगितलं. तासाभराची कॅसेट नीट उतरवली तर साधारण १३ जीबी होते, डीव्हीडीत मावतात ४.७. म्हणजे चित्र दाबून, पिळून भरणार. अण्णांचा चेहरा असा पिळलेला मला नकोय. जसं टेपवर आहे तसं हवंय.

शेवटी जुळे सोलापुरातल्या मेव्हण्याचा जुना डेस्कटॉप उचलून आणला, त्यात फायरवायरचं कार्ड आहे. त्याने मधे सिस्टीम नवी टाकलेली, आणि नव्या सिस्टीममधून १३९४चा जुना ड्रायव्हर कंपनीनेच काढून टाकलेला! तो वेगळा डाउनलोड करून हाताने बसवावा लागला. अर्धा दिवस त्यात गेला. कॅमेरा दिसला तेव्हा डोळ्यात पाणी आलं. पण इथे फाइल कॉपी होत नाही, टेप फिरते तशी उतरते. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटं, घाई चालत नाही. ४२व्या मिनिटाला लाइट गेली. लाइट आली, फाइल उघडेना. पुन्हा पहिल्यापासून.

आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय, ते ज्याने अशी टेप हाताळलीय त्यालाच कळेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीस वर्षं कपाटात राहिलेली टेप आहे ती. आताच मधेमधे चित्राचे चौकोन पडतायत, आवाज तुटतोय. दर वेळी फिरवताना पोटात गोळा येतो की आता अडकली, आता तुटली. अण्णांची ती चाळीस सेकंदं दुसरीकडे कुठेही नाहीत.

मेव्हण्याकडूनच इन्व्हर्टर मागवलाय, रविवारी पुन्हा बसणार. त्याआधी उद्या नवी पेठेत जाऊन ती वायर काउंटरवर ठेवणार आहे. ३५० रुपये नाही दिले तरी चालतील. काचेच्या कपाटात तसल्या आणखी आठ-दहा लटकतायत, त्या माझ्यासमोर खाली उतरवायच्या. त्याशिवाय मी दुकानातून हलणार नाही.