‘डोक्याच्या गोळ्या’वाला मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दलचा तो मेसेज परत आलाय. "डोक्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच गोळ्या, व्यसन लागतं, किडनी जाते, आजच बंद करा आणि प्राणायाम करा." खाली हात जोडलेल्यांची रांग. माझा दादा बायपोलरसाठी (मन कधी अति उत्साहात, कधी खोल निराशेत जातं तो आजार) नऊ वर्षं लिथियम घेतोय, त्याला विचारूनच लिहितोय.

झोपेच्याच गोळ्या? अहो, डिप्रेशनच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळीने काहींची उलट झोप उडते. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात पण मळमळ पहिल्याच आठवड्यात, मग लोक वैतागून सोडतात. लैंगिक इच्छा कमी होते त्याबद्दल तर कोणी अवाक्षर काढत नाही, मेसेजवाल्यानेही नाही.

व्यसनाचं अर्धं खरंय. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या घबराटीच्या, झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, आणि नेमक्या त्याच आपण शेजारच्या काकूंकडून मागून घेतो! डिप्रेशनच्या गोळ्यांची तलफ येत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि मेसेज काय म्हणतो, आजच बंद करा.

आता किडनी. इथे मी नाही म्हणणार नाही. लिथियमने वर्षानुवर्षांत किडनी, थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच तर दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवायची, फार वर गेली की हात थरथरतात, उलट्या-जुलाब, तोल जातो. गेल्या मे महिन्यात दादा रोज बोरिवली ते चर्चगेट उभ्याने, शर्ट पिळून निघेल इतका घाम, त्यात आईने बाबांच्या बीपीपायी सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ तोडलेलं, वर गुडघा दुखतो म्हणून हा स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन खात होता. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते, आणि ती पेनकिलरही तेच करते. आईला कळलं ते त्याच्या हातातली बशी वाजायला लागली तेव्हा. डॉक्टरांनी लगेच लेव्हल काढायला लावली, डोस बदलला. आता बॅगेत पाण्याची बाटली, आणि दुखलं तर विचारून पॅरासिटामॉल. मेसेजमध्ये हे लिहिलं असतं तर मीच फॉरवर्ड केला असता.

प्राणायाम दादाही करतो, गोळी घेऊन.

तीन वर्षांपूर्वी असंच काहीतरी वाचून त्याने गुपचूप गोळ्या सोडल्या होत्या. दीड महिन्यात झोप गेली, आणि एका रात्री त्याने ऑनलाइन चार मिक्सर मागवले. तीन परत गेले, एक अजून माळ्यावर आहे.