‘युरोपचा व्हिसा रद्द, फक्त २० युरो भरा’: या फॉरवर्डमध्ये खरं किती, खोटं किती

सोसायटीच्या, भिशीच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: ‘आनंदाची बातमी! युरोपने भारतीयांचा व्हिसा रद्द केला. आता फक्त २० युरो भरा, दहा मिनिटांत ईटिआस मिळवा आणि ३ वर्षं ३० देशांत कितीही वेळा फिरा. प्रत्येक देशात ९० दिवस राहता येतं. ग्रीन कार्ड किंवा दुबईचा रेसिडेन्स व्हिसा असेल तर लगेच मंजुरी. एअरपोर्टवर कोणी काही विचारत नाही. खालच्या लिंकवर आजच अर्ज करा.’

व्हिसाच्या फायली लावणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज दाखवायला येतात ते बहुतेक वेळा मुलाकडे नाहीतर मुलीकडे जर्मनी-नेदरलँड्सला निघालेले आईवडील. निवृत्तीच्या पैशांतून तिकिटं काढलेली, तीही स्वस्तात मिळाली म्हणून नॉन-रिफंडेबल. अशा लोकांचं नुकसान बघवत नाही, म्हणून यातला एकेक दावा सोडवून लिहिते आहे. मेसेजमधले काही आकडे खरे आहेत आणि त्यामुळेच तो पटतो.

‘युरोपने भारतीयांचा व्हिसा रद्द केला’

नाही केला. कुणाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या २९ देशांत चालणारा एकच व्हिसा) लागतो आणि कुणाला नाही, हे युरोपीय संघाच्या २०१८ सालच्या एका नियमावलीत लिहिलेलं आहे. तिला दोन याद्या जोडल्या आहेत. पहिल्या यादीतल्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागतो. दुसऱ्या यादीतल्यांना ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी लागत नाही. भारत पहिल्या यादीत आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, इस्रायल, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती हे दुसऱ्या यादीत.

ईटिआस म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, आणि ती या दुसऱ्या यादीसाठी आहे. अमेरिकेचा नागरिक आजवर पासपोर्ट खिशात टाकून थेट पॅरिसला उतरायचा. तो निघण्याआधी त्याला कुठली परवानगी घ्यावी लागत नसे. ईटिआस सुरू झाल्यावर विमानात बसण्याआधी त्याने एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, त्याची माहिती सुरक्षेच्या याद्यांशी ताडून बघितली जाणार आणि मगच त्याला परवानगी मिळणार. ज्यांना काहीच लागत नव्हतं त्यांच्यावर येणारी ही नवी अट आहे. आपल्याला मिळालेली सूट नव्हे. आपली तपासणी व्हिसाच्या वेळी आधीच होते, म्हणून भारतीय पासपोर्टवर ईटिआस मागितलाही जात नाही आणि मिळणारही नाही.

मग हा गैरसमज आला कुठून? माझ्या मते दोन खऱ्या बातम्यांची यात सरमिसळ झाली आहे. पहिली एप्रिल २०२४ ची. भारतात राहून इथेच अर्ज करणाऱ्या भारतीयांनी मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर त्यांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा द्यावा, आणि पुढे पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा, असं युरोपीय आयोगाने ठरवलं. ही खरोखरच चांगली सोय आहे आणि वारंवार जाणाऱ्यांनी तिचा फायदा घ्यावा. दुसरी बातमी २०२३ ची. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करायचा आणि पासपोर्टवर स्टिकर चिकटवण्याऐवजी व्हिसा डिजिटल स्वरूपात द्यायचा, असा नियम संघाने मंजूर केला. स्टिकर जाणार हे खरं, व्हिसा जाणार हे खोटं. फी म्हणाल तर ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा सेंटरचे सेवाशुल्क वेगळे.

‘ग्रीन कार्ड किंवा दुबईचा रेसिडेन्स असेल तर लगेच मंजुरी’

यात चांगले शिकलेसवरलेले लोक फसतात, कारण ऐकायला ते तर्कशुद्ध वाटतं. अमेरिकन नागरिकाला व्हिसा नको, मी वीस वर्षं न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे, मग मलाही नको. पण युरोपच्या सीमेवर तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, हातातला पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याला आहे. ग्रीन कार्ड असलेला भारतीय पासपोर्टधारक शेंगेन व्हिसा घेऊनच जातो, फक्त तो अमेरिकेतल्या वकिलातीत अर्ज करू शकतो. एच-वन-बी वाल्यांचंही तेच. दुबईत तीस वर्षं नोकरी केलेल्या डोंबिवलीकराचंही तेच: अमिरातीच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही, अमिरातीत राहणाऱ्या भारतीयाला लागतो. ग्रीन कार्डचा खरा उपयोग एवढाच की युरोपातल्या काही देशांत, ट्रान्झिट भागातून बाहेर न पडता विमान बदलायलाही जो एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, त्यातून त्यामुळे सूट मिळते.

याच्या उलट बाजूलाही घोटाळा होतो. लंडनला स्थायिक झालेल्या, ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या आपल्या माणसांकडे ओसीआय कार्ड असतं. ते भारतात यायला. युरोपला जाताना ते ब्रिटिश नागरिक म्हणूनच मोजले जाणार आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे त्यांना ईटिआस लागणार. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना आणि इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली मंडळींनाही, त्या त्या देशाच्या पासपोर्टवर, लागणार. एकाच घरातला मुलगा अमेरिकन नागरिक, सून ग्रीन कार्डवर आणि आजी भारतीय पासपोर्टवर असेल, तर इटलीच्या एकाच सहलीसाठी मुलाला ईटिआस आणि बाकी दोघींना व्हिसा. तिकिटं काढताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांपैकी अनेकांनी, त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. ते युरोपीय संघाचे नागरिक. त्यांना व्हिसाही नको, ईटिआसही नको. पण त्यांच्या भारतीय पासपोर्टवरच्या बायकोला किंवा नवऱ्याला व्हिसा लागतो. ते जोडीदारासोबत पोर्तुगाल सोडून दुसऱ्या एखाद्या सदस्य देशात जात असतील, तर त्या व्हिसाला फी नसते आणि अर्जही लवकर मार्गी लावावा असा नियम आहे. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण साध्या टुरिस्ट व्हिसाची पूर्ण फी भरून मोकळे होतात.

‘२० युरो, दहा मिनिटं, ३ वर्षं, ३० देश’

यातलं बरंचसं खरं, पण ज्यांना ईटिआस लागू आहे त्यांच्यापुरतं. मूळ नियमात फी ७ युरो होती, २०२५ मध्ये ती २० करायचं ठरलं. अठराच्या आतल्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना फी नाही, अर्ज मात्र करावाच लागतो. म्हणून लंडनच्या ७३ वर्षांच्या मावशींकडून कुणी ‘ईटिआसची सरकारी फी’ मागत असेल, तर तिथेच ओळखावं.

दहा मिनिटं हे फॉर्म भरायला. उत्तर बहुतेकांना काही मिनिटांत मिळेल अशी अपेक्षा आहे, पण चार दिवस लागू शकतात. जादा माहिती मागितली तर आणखी १४ दिवस, आणि मुलाखतीला बोलावलं तर ३० पर्यंत. फॉर्ममध्ये आईवडिलांची नावं, शिक्षण, व्यवसाय, गुन्ह्यासाठी शिक्षा झाली होती का, युद्धग्रस्त भागात जाऊन आलात का, कुठल्या देशाने बाहेर जायला सांगितलं होतं का, हे सगळं विचारलं जातं. तीन वर्षं ही कमाल मुदत. पासपोर्ट त्याआधी संपला तर ईटिआसही संपला, नव्या पासपोर्टवर नवा काढायचा.

तीस देश म्हणजे शेंगेनमधले २९ आणि सायप्रस. आयर्लंड यात नाही. ब्रिटन तर नाहीच. त्यांची स्वतःची वेगळी ऑनलाइन परवानगी, ईटीए, आहे, आणि तीही भारतीय पासपोर्टवर मिळत नाही.

‘प्रत्येक देशात ९० दिवस’

या एका वाक्याने माणसं कायमची अडचणीत येतात. ९० दिवस हे सगळ्या शेंगेन देशांचे मिळून आहेत, कोणत्याही १८० दिवसांत. हा नियम व्हिसावाल्यांना आणि बिनव्हिसावाल्यांना सारखाच.

लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईचं उदाहरण घ्या. मल्टिपल एंट्री व्हिसा आहे. २०२६ मध्ये १ जानेवारीला म्युनिकला उतरली, ११ मार्चला परत निघाली. उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरतात, म्हणजे ७० दिवस झाले. आता १० मे रोजी धाकट्याकडे ॲमस्टरडॅमला जायचं आहे. देश वेगळा, पण मोजणी तीच. त्या दिवसापासून मागचे १८० दिवस बघायचे: त्यात जानेवारी ते मार्चचे सगळे ७० दिवस बसतात. उरले २०. तिला २९ मे रोजी निघावंच लागेल. १ जानेवारीचा दिवस त्या १८० च्या चौकटीतून बाहेर पडतो ३० जूनला, तोवर नवा एकही दिवस जमा होत नाही. आणि व्हिसावर ९० ऐवजी ४५ दिवस लिहिले असतील तर ४५ च. ‘मुदत’ आणि ‘मुक्कामाचे दिवस’ हे व्हिसावरचे दोन वेगळे रकाने आहेत. सहा महिन्यांची मुदत बघून सहा महिने राहायचं ठरवणारे मी पाहिले आहेत.

पूर्वी शिक्क्यांवरून हिशेब व्हायचा, एखाददुसरा दिवस नजरेतून सुटायचा. आता सुटणार नाही, ते पुढच्या मुद्द्यात.

‘एअरपोर्टवर कोणी काही विचारत नाही’

विचारतात, आणि आता जास्त नीट. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर ईईएस ही नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १० एप्रिल २०२६ ही ती सगळीकडे पूर्णपणे लागू करण्याची तारीख. शिक्क्याऐवजी तुमचं येणं-जाणं संगणकात नोंदलं जातं आणि दिवस तोच मोजतो. ईटिआस फक्त बिनव्हिसावाल्यांसाठी, पण ईईएस दोघांसाठी. आपल्यालाही लागू. व्हिसा नसणाऱ्यांचा चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे घेतात. आपले ठसे व्हिसाच्या वेळी घेतलेले असतात, त्यामुळे सीमेवर फोटो काढतात आणि ठसे पडताळून पाहतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. या नोंदणीला फी नाही. आधीपासून पैसे भरून ‘ईईएस रजिस्ट्रेशन’ करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

व्हिसा असो की ईटिआस, दोन्ही म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. का आलात, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का, खर्चाला पैसे आहेत का, हे विचारण्याचा अधिकार सीमेवरच्या अधिकाऱ्याला आहे. मुलाचं निमंत्रणपत्र, पत्ता आणि विम्याचा कागद हँडबॅगेत वर ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. आणि मेसेजवर विसंबून बिनव्हिसाचे निघालात, तर युरोपच्या अधिकाऱ्यापर्यंत पोचणारच नाही. कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच तुम्हाला थांबवतील.

‘खालच्या लिंकवर आजच अर्ज करा’

एक काका फोन पुढे करून म्हणाले, ‘अगं, अर्ज भरून झाला, पैसेही गेले, आता फक्त मेल यायचा आहे.’ साइट दिसायला चोख होती: निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या ताऱ्यांचं वर्तुळ, कोपऱ्यात कुलपाचं चिन्ह. नागरिकत्वाच्या यादीत भारत होता. भारतीयाचा अर्ज घेणारी ईटिआसची साइट खोटी, हे सांगायला एवढं एकच पुरे होतं. शिवाय ईटिआस अजून सुरूच झालेला नाही. २०२१ पासून तो पुढे पुढे ढकलला जात आहे आणि आता २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल असं जाहीर झालं आहे. सुरू झाल्यावरही पहिले किमान सहा महिने बाकी अटी पूर्ण करणाऱ्याला केवळ ईटिआस नाही म्हणून परत पाठवणार नाहीत. घाई करायचं कारण अमेरिकन-ब्रिटिश नागरिकालाही नाही.

खरी साइट एकच, युरोपीय संघाची. पत्ता तपासताना सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ‘युरोपा डॉट ईयू’ हेच असलं पाहिजे. ‘युरोपा’ आणि ‘ईयू’च्या मधे डॅश टाकून किंवा पुढे ‘डॉट कॉम’ लावून जे दिसतं ते दुसऱ्या कुणाचं तरी दुकान.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. पासपोर्टचा फोटो अपलोड केला असेल तर तेही तक्रारीत लिहा. मग व्हिसाच्या खऱ्या फायलीला लागा: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, विमा किमान ३०,००० युरोंचा. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यामुळे जुना पासपोर्ट फायलीसोबत आणा.