चिंचिलाला सशाचा पिंजरा पुरत नाही

चिंचिला (दाट केसांचा, उंदराच्या जातकुळीतला पाळीव प्राणी) पाळण्याबद्दलच्या एका लेखात त्याच्यासाठी सशाचा बसका पिंजरा चालेल असं म्हटलंय, ते पटलं नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या खडकांवर उड्या मारणारा प्राणी, त्याला उंची हवी. जोडीसाठी निदान 90 सेंमी रुंद, 60 सेंमी खोल, 120 सेंमी उंच पिंजरा घ्या. आतल्या फळ्या मात्र आलटूनपालटून, 15-20 सेंमी अंतराने बसवा. एकदम वरून तळाशी पडलं की पाय मोडतो. फळ्या भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या, बिनरंगाच्या. प्लायवूड, देवदार नको आणि प्लास्टिक तर नकोच नको, कुरतडून गिळलं की आतडं तुंबतं. तळ जाळीचा असेल तर त्यावर फळी किंवा जाड फ्लीस (लोकरीसारखं मऊ कापड) घाला, नाहीतर तळवे सोलवटून जखमा चिघळतात.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाळ्याचा. 25 अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. चिंचिलाला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने भागत नाही. कूलर तर आणखी वाईट: दमट हवेत दाट केस ओले राहतात, बुरशी धरते. एसी दिवसभर लावता येणार नसेल तर कृपया चिंचिला आणूच नका.