आर्मरला डीआर दिला तरी बॅलन्स तसाच राहतो म्हणे, जरा वजाबाकी करून बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या रोलप्लेइंग गेमच्या फिफ्थ एडिशनवाल्यांमध्ये एक होमब्रू, म्हणजे घरगुती नियम, सारखा फिरत असतो. आर्मर क्लास (वार लागायला वीस बाजूंचा फासा अधिक हल्ल्याचा बोनस मिळून गाठायचा आकडा) सगळ्यांचा सरसकट १०, आणि चिलखत असेल तर प्रत्येक फटक्यातून ठरलेला आकडा वजा (हाच डीआर, डॅमेज रिडक्शन), प्लेटला म्हणजे पूर्ण पोलादी चिलखताला ६ वगैरे. वर तीन दावे: बॅलन्सला धक्का नाही, गेम फास्ट होतो, आणि हे जास्त रिअल वाटतं. मीपण लावून बघितलंय, दोन सेशनमध्ये गुंडाळलं.

बॅलन्सचं आधी बघू, खरी गोची तिथेच आहे. २०१४ च्या नियमांतला गॉब्लिन घ्या, हल्ल्याला +४, डॅमेज १डी६+२, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक २. प्लेटच्या १८ वर त्याला १४ लागतात, म्हणजे ३५ टक्के, क्रिट (२० पडल्यावरचा जादा डॅमेज) सोडून वाराला ॲव्हरेज १.९. होमब्रूत तो ७५ टक्के वेळा लागतो खरा, पण ६ वजा केल्यावर उरतं काय, फाशावर ५ पडला तर १, ६ पडला तर २, बाकी भोपळा. ॲव्हरेज ०.४ पण नाही. आता ओगर, +६ आणि २डी८+४. मूळ नियमात ५.८५, होमब्रूत ५.९५. म्हणजे ओगर होता तिथेच आणि गॉब्लिन पाचव्या हिश्श्यावर! या एडिशनमध्ये लहान राक्षसांची झुंड वरच्या लेव्हललाही त्रास देते, तीच मजा गेली.

प्लेयरच्या बाजूने तर अजून वाईट. पाचव्या लेव्हलचा ग्रेटसोर्डवाला फायटर, दोन्ही वार लागले तर ॲव्हरेज २२, रोगचा (चोर-छापाचा क्लास) स्नीक अटॅक, म्हणजे डाव साधून मिळणारा जादा डॅमेज, धरून एकच वार १८. समोर प्लेटवाला आला की फायटर १०, रोग १२, कारण एकाचे ६ दोनदा कापले आणि दुसऱ्याचे एकदाच. आणि मॅजिक मिसाइल या डार्ट सोडणाऱ्या मंत्राला हा नियम लावलात तर संपलंच, एका डार्टचा जास्तीत जास्त डॅमेज ५ आहे. 'किमान १ डॅमेज' जोडा म्हणतात, त्याने शून्याचा एक होतो, बाकी काही नाही.

फास्ट? चुकणारे वार कमी होतात हे मान्य, पण प्रत्येक लागलेल्या वाराला वजाबाकी आली आणि हलक्या हत्यारवाल्यांची मारामारी संपता संपत नाही.

रिअलिझमवाले लगेच रूनक्वेस्ट हा दुसरा रोलप्लेइंग गेम काढतात, १९७८ पासून तिथे चिलखत डॅमेज शोषतं. शोषतं ना, पण तिथे लेव्हलच नाहीत आणि हिट पॉइंटही आपल्यासारखे फुगत जात नाहीत, अख्खा गेमच त्या हिशोबाने बांधलाय. गर्प्स या आणखी एका गेममध्ये तर डीआर वजा झाल्यावर जे आत शिरतं ते कापणाऱ्या हत्याराला दीडपट, भोसकणाऱ्याला दुप्पट होतं. डी अँड डीनेच २००४ मध्ये थर्ड एडिशनसाठी हा पर्याय दिला तेव्हा चिलखताचा अर्धाच बोनस डीआरमध्ये टाकला होता, उरलेला आर्मर क्लासमध्येच ठेवला.

तरी हौस असेलच तर आर्मर क्लासला हात लावू नका, वर २-३ चा डीआर द्या, तोही बिनजादूच्या हत्यारांपुरता. २०१४ चं हेवी आर्मर मास्टर फीट (कॅरेक्टरने निवडायची खास क्षमता) ३ च देतं, तेवढं पुरतं. आणि आधी वजा, मग रेझिस्टन्सचं (डॅमेज निम्मा करणारी क्षमता) अर्ध, हा क्रम पक्का ठेवा. २५ चा फटका, ५ गेले, अर्धे १०. उलट केलं तर १२ मधून ५ जाऊन ७ लागतात, आणि तुमचा बार्बेरियन (चवताळला की रेझिस्टन्स मिळणारा योद्धा) नेमकं उलटंच मागणार.