थेट आयोग नको, आधी पहिलं अपील

माहिती अधिकाराच्या अर्जाबद्दल '३० दिवसांत उत्तर नाही आलं तर थेट माहिती आयोगाकडे तक्रार करा' हा एका लेखातला सल्ला लोकांना गोत्यात आणणारा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १८ च्या तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण कागद द्यायचा आदेश देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. कागदच हवा असेल तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तिथेही काही हाती लागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. मुदत उलटल्यावर मिळणाऱ्या प्रतींचे पैसे द्यायचे नाहीत, कलम ७(६) चा उल्लेख अपिलातच करून ठेवा.

बाकी अर्ज बहुतेक वेळा मरतो तो मजकुरात. 'आमच्या गल्लीतला सिमेंट रोड वर्षभरात का उखडला?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' हे छापील उत्तर ठरलेलं. त्याऐवजी रस्त्याचं नाव आणि वर्ष टाकून कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) संबंधित पानं आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती मागा. आपल्याकडे महाराष्ट्रात नियमाने एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळे रस्ता आणि गडरलाईन (सांडपाण्याची लाईन) एकाच अर्जात कोंबू नका. अर्ज नागपूर महापालिकेच्या धरमपेठ झोनऐवजी सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात गेला तरी परत घेऊन फिरायची गरज नाही, ५ दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम. पोच मात्र शिक्क्यासकट घ्याच.